‘मुरडणे’च्या मागे पाथर्डीपर्यंत

पाथर्डीला काय बघायला गेला होतात, असं आल्यापासून मला सगळे विचारतात. कुणाला वाटतं देवीला गेले होते. शेजारच्या वहिनींनी तर प्रसादासाठी हातच पुढे केला. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू, की मी एका क्रियापदाला भेटायला गेले होते? त्या म्हणाल्या असत्या, बाई एकटी राहते, त्यात चैत्रातलं ऊन, लागलं असेल डोक्याला.

मी पुण्यात एका शब्दकोशाच्या कचेरीत काम करते. आमच्याकडे एका शब्दाची एक चिठ्ठी असते. तिच्यावर शब्द, अर्थ आणि कुणीतरी खरोखर बोललेलं एखादं वाक्य. फाल्गुनात माझ्यापुढे ‘मुरडणे’ची चिठ्ठी आली. पहिला अर्थ, कानवल्याची कड दुमडत नेणे. दुसरा, नाक मुरडणे. तिसरा कुणा जुन्या माणसाच्या बारीक अक्षरात होता : ‘मार्ग बदलणे, चालू वाट सोडून दुसरीकडे वळणे. नगरकडे.’ आणि त्याच्याखाली आमच्या संपादकांनी लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘वाक्य नाही. गाळावा?’

ते ‘गाळावा?’ बघून माझं डोकंच फिरलं. नगर काय चंद्रावर आहे? सकाळी एसटीत बसलं तर दुपारच्या आत माणूस नगरात उतरतो. पण जायचं कुणी? सगळ्यांना पंख्याखाली बसून शब्द मारायचे. मी आठ दिवसांची रजा टाकली, पिशवीत कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घातला आणि सोनईला शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, कुसुमला, पत्र टाकलं.

सोनई

नगर सोडल्यावर खिडकीतून बघावं असं काही उरलंच नाही, आणि तरी मी सारखी बघत राहिले. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. शेतं नुसती पांढरी पडली होती. बांधावरच्या बाभळी तेवढ्या उभ्या. मधूनच रस्त्याच्या कडेला बायका रांगेनं बसून खडी फोडत होत्या, पण गाडीच्या आवाजात त्यांच्या हातोड्यांचा आवाज येत नव्हता. हात वर जायचे, खाली यायचे, आणि सगळं आवाजाविनाच चाललेलं. मला डुलकी लागायची, जाग यायची, आणि बाहेर तेच हात वर जात असायचे. किती वेळ गेला ते मला कळेना. डोक्यात एकच शब्द घोळत होता, मुरडणे, मुरडणे, आणि गाडीची चाकंही तेच म्हणताहेत असं वाटायला लागलं.

मग एका वळणावर एकदम ऊस लागला. हिरवागार. विहिरींना आणि पाटाला थोडंफार पाणी टिकलेला तो पट्टा होता. ओल्या मातीचा वास आला आणि अख्खी गाडी जागी झाली. माझ्या शेजारचा म्हातारा खिडकीतून हात बाहेर काढून बसला. “गार लागतंय बगा,” मला म्हणाला. मीही काढला हात. खरंच गार लागत होतं.

कुसुमनं रात्री मऊ ज्वारीची भाकरी आणि पिठलं वाढलं. पुण्याच्या घडीच्या पोळीवर वाढलेली मी, पण तीन भाकऱ्या खाल्ल्या. “एका शब्दासाठी एवढी वणवण?” ती हसून म्हणाली. “उद्या तुला तोडकऱ्यांच्या कोप्यांवर नेते. पाथर्डीकडची सगळी माणसं आहेत. दोन दिवसांत पट्टा पडेल, मग एकही हाती लागायचं नाही.” पट्टा पडणं म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपणं. मी जेवता जेवताच त्याची चिठ्ठी केली.

कोप्या

कोपी म्हणजे बांबूच्या चटया वाकवून केलेलं खोपट. वाकून आत जायचं, वाकूनच बाहेर यायचं. तसल्या पन्नासेक कोप्या ओळीनं होत्या. बैल उसाचे वाढे खात उभे होते आणि सगळीकडे एक गोडसर, आंबूस वास भरून राहिला होता. त्या वासानं मला पुन्हा गुंगी आल्यासारखं झालं.

बायका मोळ्या बांधत होत्या. मी पुणेरी थाटात विचारलं, “तुमच्याकडे ‘मुरडणे’ असा शब्द आहे का हो?”

तर सगळ्या खो खो हसायला लागल्या. एक म्हणाली, “हाय की. तुमच्याकडं न्हाई? मंग तुमी काय म्हनता?”

काय म्हणतो आम्ही? मला काही सांगताच येईना. “आमच्या पाथर्डीकडं जा बाई,” दुसरी म्हणाली, “तिथं समदे असंच बोलत्यात. पोतंभर घिऊन या शब्द.”

त्यांच्यात हौसा नावाची एक होती. विशी-बाविशीची, पोटुशी, सातवा महिना तरी असावा. तशाच अंगानं ती मोळी उचलत होती. मी म्हटलं, “अगं, जपून.” तर म्हणाली, “जपूनच चाललंय की बाई.” तिचा नवरा चाकाला वंगण घालत होता. त्याच्याशी बोलताना कळलं, की पलीकडच्या बागाईतदारानं त्याला वर्षभर राहा म्हणून सांगितलंय. खोली देतो, पाणी आहे, बाळंतपण इथंच होऊ दे. “मन व्हतंय,” तो म्हणाला. “गावाकडं काय हाय? प्यायला पानी न्हाई.” हौसानं मोळीची गाठ आवळली.

मी पाथर्डीला जाणार म्हटल्यावर मात्र ती जवळ आली. “आमची वाडी पाथर्डीच्या फुडंच हाय, टेकाडवाडी. माझ्या आयकडं उतरा. कोंडाबाई म्हनून विचारा. येकलीच हाय.” तेवढ्यात मुकादमानं हाक मारली. ती गेली आणि दहा पावलांवरून मागं वळून ओरडली, “आयला सांगा, आमी मुरडलो!”

आमी मुरडलो! मला नाचावंसं वाटलं. चालतं, बोलतं, घामेजलेलं वाक्य! मी उसाच्या पाचटावर बसकण मारली आणि अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. बारीक अक्षरातल्या त्या म्हाताऱ्यानं बरोबर लिहिलं होतं. मार्ग बदलणे. ती तर अजून तिथंच उभी होती, गाडी जुंपलेली नव्हती, म्हणजे हे काही चालण्याबद्दल नव्हतं. मन बदललं होतं त्यांचं. गावची वाट सोडून बागाईतदाराची धरली होती. वाईट वाटलं मला, पण किती वाटलं ते खरं सांगायचं तर फारसं नाही. माझं वाक्य मला मिळालं होतं.

वाडी

दुसऱ्या दिवशी शेवगाववरून पाथर्डी, आणि पाथर्डीच्या पुढे फाट्यावर उतरून पाऊण कोस चाल. वाटेत एक माणूस नाही. समोरच्या उजाड टेकड्या उन्हात हलत होत्या आणि जवळ काही येत नव्हत्या. लिंबाला मोहर आला होता, एवढंच काय ते चैत्राचं देणं. त्याचा वास मात्र वाडीपर्यंत सोबत होता.

कोंडाबाई आडावर होती. पाणी कसलं, तळाला पाझर. एक पोरसवदा सून आत उतरून वाटीवाटीनं घागर भरून देत होती आणि वर बायका आपापल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. कोंडाबाई पन्नाशीची, काटक, डोक्यावरचा पदर दातात धरून बोलणारी. “हौसानं धाडलंय?” म्हणाली आणि पाळी सोडून उठलीच.

घरी नेऊन तिनं मला पाटावर बसवलं. मी उन्हानं एवढी भेलकांडले होते, की आधी पाणी मागितलं. तिनं तांब्याभर दिलं. ते कुठून येतं हे नुकतंच बघून आले होते, तरी मी घटाघटा प्याले. मग म्हटलं, “मावशी, हौसाचा निरोप आहे. त्यांनी वाट बदलली आहे. इकडे नाही येत ते. तिकडे एका बागाईतदाराकडेच राहतील बहुतेक.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “आसं म्हनली ती?”

“हो,” मी म्हटलं. “म्हणजे, त्याच अर्थाचं म्हणाली.”

कोंडाबाईनं चूल पेटवली. हुलग्याचं पीठ मळून शेंगोळे वळायला घेतले. पाहुणी आली म्हणजे काहीतरी करायला हवं, मग घरात कितीही दुःख येवो. हे मात्र आमच्याकडे आणि तिच्याकडे एकच. वळता वळता ती सांगत होती, मला की चुलीला, कोण जाणे. गेल्या साली हौसाचं मूल तिकडंच कोपीत गेलं. दीड महिन्याचं. म्हणून यंदा कोंडाबाई म्हणाली होती, जाऊ नको. पोर ऐकेना. शब्दानं शब्द वाढला.

“गाडी निघाली तवा मी भाईर आले न्हाई,” ती म्हणाली. “हितंच बसले. चाकाचा आवाज यीत हुता, तरी उटले न्हाई. पोरीनं दोनदा हाक मारली. आता ती कशाला यीन?”

तिचे डोळे कोरडेच होते. मला शेंगोळे गिळवेनात, पण सगळे खाल्ले, कारण ताटात टाकणं बरं दिसलं नसतं.

मग ती म्हणाली, उद्याच बीडकडच्या यष्टीनं भावाच्या गावाला जाते. तिकडं तलावाचं काम चालू आहे. “हितं कशापायी बसले हुते? पोर यीन, बाळंतपन करीन, म्हनून. आता कुनासाटी आडात वाट्या भरू?” तिनं शेजारणीला बोलावून शेळी देऊनही टाकली. त्या शेळीचं दूध नातवासाठी होतं, हे शेजारणीकडून कळलं.

मी त्या बाईला धीर दिला. मुलीचं तिकडे चांगलं होईल, पाणी आहे, खोली आहे, असं बरंच बोलले. आणि अंथरुणाला पाठ टेकताच मला गाढ झोप लागली. हे सांगायची आज लाज वाटते.

लिंबाखाली

सकाळी कोंडाबाईचा निरोप घेऊन मी निघाले. ती दुपारच्या गाडीनं फाट्यावरून जाणार होती. मी म्हटलं, आपण पायवाटेनं पाथर्डीकडे चालत जावं, वाटेत आणखी एखादं वाक्य गाठ पडलं तर पडलं. हाव, दुसरं काय! तासाभरात ऊन चढलं आणि मी एका लिंबाखाली बसले. मोहर टपटप डोक्यावर पडत होता. डोळे मिटत होते. शेळ्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज कुठूनतरी येत होता, लांब जात होता, पुन्हा येत होता. माणसानं तिथंच बसून राहावं, पुण्याला जाऊच नये, असं वाटण्याजोगं ते सगळं होतं.

डोळे उघडले तर शेजारी एक म्हातारी काठी आडवी ठेवून बसलेली. शेरडं घेऊन आली होती. कुठून आलात, कोण तुम्ही, मालक काय करतात, असं सगळं विचारून झाल्यावर तिनं उन्हाकडे बघितलं आणि म्हणाली, “बस वाईच. शेरडं मुरडली की मीबी मुरडते. संगं जाऊ वाडीपत्तुर.”

मी चिठ्ठी काढली. सवयच ती. आणि लिहिता लिहिता विचारलं, “मुरडून कुठल्या बाजूला जाणार शेरडं?”

“कंच्या बाजूला म्हंजी? घरला!”

“पण मुरडणं म्हणजे दुसऱ्या वाटेला वळणं ना?”

म्हातारी तोंडावर पदर घेऊन हसली. “दुसऱ्या वाटंला गेली तर ती फाकली म्हनायचं, बाई. मुरडली म्हंजी घराकडं त्वांड केलं.”

मी पेन्सिल थांबवली. “आणि अजून उभीच असतील, निघाली नसतील, तर?”

“घराकडं त्वांड केलं की मुरडलीच. पोचायला का येळ लागंना.”

आमच्या घरी कुणी मुलगी सासरी निघाली, की आई मुरडीचा कानवला करायची. मुरड घातलेला कानवला खाऊन जावं, म्हणजे जाणारा परत येतो. मी जन्मभर तो कानवला खाल्ला होता. बावीस वर्षं शब्दांची नोकरी केली होती. आणि एका गरोदर पोरीनं आईला ‘आम्ही घरी यायला निघालो’ म्हणून पाठवलेला निरोप मी तिच्या आईला ‘ते येत नाहीत’ असा सांगून आले होते. वर शेंगोळे खाऊन आले होते! देवा रे देवा!

म्हातारीला काही न सांगता मी उठले आणि पळत सुटले. चाळिशी उलटलेली, चष्मा लावलेली बाई त्या माळावरून धावत होती, आणि मागून म्हातारी ओरडत होती, “अगं बया, काय चावलं का?” चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेतल्या. जमीन एवढी तापलेली, की पाय उचलून उचलून टाकावे लागत होते. पुन्हा त्याच टेकड्या हलत होत्या, आणि आता मी जितकी धावत होते तितकी वाडी मागे सरकत होती.

फाटा

घराला कुलूप. शेजारणीच्या दारात शेळी बांधलेली. “गेली की, मगाशीच,” शेजारीण म्हणाली. “यष्टीचा टाइम झाला.”

फाट्याच्या अलीकडच्या चढावर मला गाडीचा धुरळा दिसला. मी चपला हलवत ओरडायला लागले. गाडी थांबली, पण माझ्यासाठी नाही, कोंडाबाईसाठी. तिनं गाठोडं आत टाकलं आणि एक पाय पायरीवर ठेवला. मी जाऊन तिचा पदरच धरला.

“मावशी, जाऊ नका! माझं चुकलं. निरोप चुकला माझा!”

कंडक्टर वैतागला. “काय तमाशा हाय? चढा न्हाईतर उतरा.”

कोंडाबाई पायरीवर तशीच उभी राहिली. “काय चुकलं?”

मी सांगायला लागले, की त्यांनी वाट बदलली याचा अर्थ तसा नव्हता, तो शब्द असा होता, मला वाटलं असं, आमच्या चिठ्ठीवर... तिनं हात वर करून मला गप्प केलं.

“तुमचं नगं. तिच्या तोंडचं सांगा. ती काय म्हनली?”

मी पिशवी रस्त्यावरच उलटी केली. चिठ्ठ्या धुळीत पडल्या. नेमकी ती सापडेना. मग सापडली. मला धाप लागली होती, तरी अक्षर लावून वाचली, “आयला सांगा, आमी मुरडलो.”

“मुरडलो म्हनली? का मुरडू म्हनली?”

“मुरडलो. मुरडलोच म्हणाली. ओरडून म्हणाली.”

कोंडाबाईनं पायरीवरचा पाय खाली घेतला. कालपासून कोरडे असलेले तिचे डोळे एकदम भरून आले, आणि तिथंच रस्त्यावर, धुळीत, ती मटकन खाली बसली. “मंग वाटंला लागली आसंल की गं,” एवढंच म्हणाली.

“मावशी, यायचं का न्हाई?” कंडक्टर ओरडला.

“न्हाई रं बाबा,” ती म्हणाली. “माझी पोर मुरडली.”

त्या माणसाला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं गाठोडं उचलून अलगद खाली दिलं. “मंग हितं काय बसलाय? घरला जा, चुलीवर कायतरी ठिवा,” म्हणाला आणि घंटी दिली. साऱ्या गाडीत तो अर्थ न कळणारं कुणीच नव्हतं. न कळणारी एकटी मी, आणि मी कोशवाली!

वाडीपर्यंत कोंडाबाई पुढे चालत होती, मी मागे लंगडत. मध्येच थांबून ती म्हणाली, “जसं हाय तसं सांगायला तुमाला काय धाड भरली हुती?” थोडं पुढे गेल्यावर पुन्हा थांबली. “पाय भाजत्याल. हितनं चला, सावलीनं.”

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. मला जाता आलंच नसतं. शेजारणीकडून शेळी परत आणली, आडावर पाळी धरून बसले, पाच बायकांनंतर माझी आली. दिवसभर कोंडाबाई चार चार वेळा टेकाडावर जाऊन रस्ता बघत होती आणि मला सांगत होती की ती गवऱ्या बघायला गेली होती. बागाईतदाराची खोली माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती. रस्त्यात नवऱ्याचं मन फिरलं असलं तर? पण तिला विचारायची माझी छाती होईना.

ऊन कलल्यावर टेकाडाखाली धूळ उठली. आधी नुसती धूळ, मग घुंगरांचा आवाज, मग एकामागून एक टायरगाड्या. दोन दिवसांच्या चालीनं बैल आणि माणसं सगळी एका रंगाची झाली होती, मातीच्या. झोपेत चालल्यासारख्या त्या गाड्या संथ वर चढत होत्या. मी मोजत नव्हते, फक्त चेहरे बघत होते. चौथ्या गाडीवर, भांड्यांच्या आणि गोधड्यांच्या मध्ये, हौसा बसली होती.

कोंडाबाई या वेळी बाहेर होती. वेशीपर्यंत गेली होती. गाडी थांबली तसा तिनं भाकरीचा तुकडा पोरीवरून ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं, त्या तसल्या महागाच्या पाण्यानं भरलेला अख्खा तांब्या. मग हौसाचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“आगं बया, बाई तुमी? आजून हितंच?” ती म्हणाली. “माझा निरोप सांगितला का न्हाई आयला?”

मी तोंड उघडलं.

“सांगितला तर!” कोंडाबाई म्हणाली. ती पोरीला हाताला धरून खाली उतरवत होती, माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. “आल्या आल्या, पानी प्यायच्या आदी सांगितला. तू म्हनलीस तसाच. त्यावरच तर हितं बसून हाय मी.”